मुजिकाचा हिशेब

नोव्हेंबर आला की 1917 च्या रशियन राज्यक्रांतीवरचा जुना वाद मराठीत पुन्हा उकरून काढला जातो, आणि दरवर्षी तो आधीच्यापेक्षा वाईट रीतीने घातला जातो. एक पक्ष म्हणतो, जर्मनीचा पैसा, लेनिनला आणणारी मोहोरबंद आगगाडी आणि त्याच्या पक्षाचे मूठभर बोल्शेविक. क्रांती कसली, तो दरोडा होता. दुसरा म्हणतो, शोषणाचा कडेलोट झाला, कामगारवर्ग जागा झाला आणि इतिहासाच्या नियमानुसार जे व्हायचे तेच झाले. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर यात तिसऱ्या पक्षाची भर पडली आहे: रशियन माणसाच्या रक्तातच गुलामी, झार गेला तर स्टालिन आला, तो गेला तर आणखी कोणी, त्यांना चाबूकवालाच लागतो. या तिघांचे आपसात कधी पटणार नाही, पण एका बाबतीत त्यांचे एकमत आहे. रशियातला सामान्य माणूस स्वतः काही विचार करत होता, हे तिघांनाही मान्य नाही. पहिल्याच्या लेखी तो फसवलेला, दुसऱ्याच्या लेखी नियमाने ढकललेला, तिसऱ्याच्या लेखी जन्मजात मेंढरू.

1897 च्या जनगणनेत रशियन साम्राज्याची लोकसंख्या साडेबारा कोटींवर भरली. त्यातले चारातले तीन जण सरकारदप्तरी शेतकरी म्हणून नोंदलेले होते. त्यांना बाजूला सारून क्रांतीची कारणे शोधायची हा प्रकारच अजब आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: ही क्रांती कटातून आली नाही आणि नुसत्या भुकेतूनही आली नाही. भूदासत्व गेल्यावरही झारशाहीने मुजिकाला, म्हणजे रशियन कुणब्याला, वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या न्यायासनापुढे, गावकीच्या दाव्याला बांधून ठेवले. कर वसूल करायला ही व्यवस्था सोयीची होती. पण त्याच गावकीत बसून मुजिक ठराव करायला, जमीन वाटायला आणि एकीने नाही म्हणायला शिकला. दाद मागायचे बाकीचे सगळे दरवाजे सरकारने स्वतःच्या हाताने लावून घेतले, तेव्हा उरलेली ही एकच संस्था सरकारवर उलटली.

सुरुवात 1861 पासून करावी लागते. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत अलेक्झांडर दुसरा याने भूदासांना मुक्त केले. सरदारांच्या मालकीचे सव्वादोन कोटींच्या आसपास जीव एका फर्मानाने मोकळे झाले. अमेरिकेत याच प्रश्नावर त्याच वर्षी यादवी युद्ध पेटले, रशियात ते शाईने झाले, आणि याचे श्रेय झारला द्यायलाच हवे. पण मुक्ती मिळाली ती कशी? मुजिक पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसत होता तिचा एक तुकडा कापून सरदाराला ठेवला गेला, बहुधा कुरण, पाणवठा नाहीतर जंगल, म्हणजे नेमके ज्यावाचून शेती चालत नाही ते. उरलेल्या जमिनीची किंमत ठरवली गेली ती बहुतेक ठिकाणी बाजारभावापेक्षा चढी. यातला मोठा हिस्सा सरकारने सरदाराला आगाऊ दिला आणि मुजिकाने तो सरकारला 49 वर्षे, सालाना सहा टक्क्यांनी, फेडायचा. ज्या जमिनीला तो वाडवडिलांपासून आपली समजत होता ती आता त्याने हप्त्याने विकत घ्यायची. भूदासांमध्ये एक बोलणे होते: आम्ही तुमचे, पण जमीन आमची. मुक्तीने या वाक्याचा पहिला अर्धा भाग रद्द केला आणि दुसऱ्याच्या तोंडाला पाने पुसली.

ही फसवणूक मुजिकाला कळली नाही असे समजू नये. कझान प्रांतात बेझ्दना नावाचे गाव आहे. तिथला आंतोन पेत्रोव्ह हा जेमतेम अक्षरओळख असलेला शेतकरी. मुक्तीच्या कायद्याचे जाडजूड छापील बाड गावात आले तेव्हा लोकांनी ते त्याच्याकडे वाचायला दिले, कारण अधिकारी आणि भटजी जे वाचून दाखवत होते त्यावर कोणाचा विश्वास नव्हता. झारने खरी मुक्ती दिली आहे आणि सरदारांनी ती दडवली आहे, ही सगळ्यांची खात्री. पेत्रोव्हला नमुन्याच्या कोऱ्या तक्त्यांतल्या शून्यांमध्ये ती खरी मुक्ती सापडली. बातमी पसरली, आजूबाजूच्या गावांतून हजारो लोक बेझ्दनात गोळा झाले, वेठबिगार बंद झाली. एप्रिलमध्ये फौज आली. लोकांनी पेत्रोव्हला ताब्यात द्यायला नकार दिला, हत्यार मात्र कोणाच्या हाती नव्हते. गोळीबारात डझनांवारी माणसे मेली. पेत्रोव्ह बाहेर आला तो ते कायद्याचे पुस्तक डोक्यावर धरून, आणि आठवड्याच्या आत त्याला गोळी घालण्यात आली. शून्यांचा अर्थ लावणाऱ्या या माणसाला हसणे सोपे आहे. पण त्याचा निष्कर्ष बरोबर होता: या कागदात जी मुक्ती लिहिली आहे ती मुक्ती नव्हे.

आता गावकीकडे वळू. रशियन लोक तिला मीर म्हणत. गावातल्या घरांचे कर्ते पुरुष सभेला बसत, आणि बऱ्याच भागांत ठरावीक वर्षांनी जमिनीची फेरवाटणी होई. घरात खाणारी तोंडे किती, राबणारे हात किती, त्यावर पट्ट्या मिळत. शेतकी सुधारणेच्या दृष्टीने ही पद्धत भिकार होती. एकेका घराच्या जमिनीचे तुकडे दहा ठिकाणी विखुरलेले; उद्या दुसऱ्याकडे जाणाऱ्या पट्टीत खत कोण घालणार? सरकारला हे ठाऊक होते. तरी त्याने मीर जपला, कारण हप्ता आणि कर यांची जबाबदारी एकट्या माणसावर नव्हती, अख्ख्या गावावर होती. एकाने बुडवले तर शेजाऱ्यांनी भरायचे. साहजिकच शेजारीच एकमेकांचे पहारेकरी झाले. शहरात मजुरीला जायचे तरी गावकीकडून पासपोर्ट घ्यायचा, आणि बाकी असेल तर तो मिळायचा नाही. ही सामूहिक जबाबदारी 1903 पर्यंत टिकली. मुजिकांसाठीच्या न्यायासनांना फटक्यांची शिक्षा देण्याचा अधिकार 1904 पर्यंत होता; बाकीच्या प्रजेला वेगळा कायदा, मुजिकाला फटके. 1889 मध्ये त्याच्यावर सरदारवर्गातले खास अधिकारी नेमले गेले, ज्यांच्या हाती कारभारही होता आणि निवाडाही. म्हणजे भूदासाचा मालक दारातून बाहेर गेला आणि हुद्दा घेऊन खिडकीतून आत आला.

इथे आपल्याकडचा एक दाखला देतो. 1875 च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, आणि दंगा पुणे-नगर भागात पसरला. इंग्रज सरकारने पंचांची चौकशी बसवली आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्या कायद्याने किती भले झाले हा वेगळा विषय. मुद्दा असा की दख्खनमध्ये सावकार तिऱ्हाईत होता, म्हणून सरकारला पंचाच्या खुर्चीत बसता आले. सारा चढवणारे सरकारच होते, तरी लोकांचा राग वहीवर गेला. रशियात सावकार कोण? मुक्तीचा हप्ता वसूल करणारे सरकारच. रोखा सरकारच्याच तिजोरीत. मग मुजिकाने दाद मागायची कोणाकडे? 1891 मध्ये व्होल्गाच्या खोऱ्यात पिके करपली, तेव्हा याचा हिशेब झाला. अर्थमंत्री विश्नेग्राद्स्की याचे धोरणच असे की सुगीच्या तोंडावर करवसुली लावायची, म्हणजे शेतकऱ्याला धान्य विकावेच लागते आणि निर्यात वाढते. उपासमारीत आणि तिच्या मागोमाग आलेल्या कॉलऱ्यात 4 ते 5 लाख माणसे दगावली असा अंदाज आहे. अन्नछत्रे उघडायला टॉल्स्टॉयसारखे लोक धावले आणि सरकार त्यांच्याकडे संशयाने बघत राहिले.

इतके सोसून लोक झारलाच बाप मानत होते, मग गुलामी रक्तात नाही तर काय, असा तिसऱ्या पक्षाचा सवाल आहे. सवाल पोकळ नाही. 1874 च्या उन्हाळ्यात शेकडो विद्यार्थी, मुले आणि मुलीही, शेतकऱ्यांचे कपडे घालून खेड्यांत क्रांती सांगायला गेले. कित्येक ठिकाणी मुजिकांनीच त्यांना पोलिसांच्या हवाली केले. 1881 मध्ये क्रांतिकारकांनी अलेक्झांडर दुसऱ्याला बॉम्बने मारले, तेव्हा खेड्यांत एकच कुजबुज होती: सरदारांनी मारला, कारण तो जमीन देणार होता. पण याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. 1877 मध्ये किएव प्रांतातल्या चिगिरीनमध्ये स्तेफानोविच नावाच्या क्रांतिकारकाने झारच्या नावाने एक बनावट सनद छापली: जमीन तुमची आहे, सरदार माझे ऐकत नाहीत, तेव्हा गुप्त संघटना बांधा आणि उठाव करा. जवळपास हजार शेतकऱ्यांनी शपथा घेतल्या आणि कित्येक महिने तोंड उघडले नाही. त्याच्या शंभर वर्षे आधी पुगाचेव्ह नावाच्या बंडखोराने स्वतःला मेलेला झार पीटर तिसरा म्हणवून घेत अर्धा व्होल्गा पेटवला होता. ज्या समाजात कायदेशीर तक्रारीला जागाच नाही, तिथे 'वरच्याची खरी आज्ञा दडवली गेली आहे' असे म्हणणे हाच बंडाचा एकमेव वैध मार्ग उरतो. पकडले गेल्यावर मुजिक म्हणे, आम्ही अडाणी, झारची आज्ञा समजलो. शिक्षा कमी होई. यात भाबडेपणा किती आणि व्यवहार किती, याची वाटणी मला करता येत नाही. पण मेंढरे असा बचाव रचत नाहीत.

आणि हा विश्वास मेला कसा, तेही पाहण्यासारखे आहे. त्याला झारच्याच सैनिकांनी मारले. कामगारांना क्रांतिकारकांपासून तोडावे म्हणून मॉस्कोचा गुप्त पोलीस अधिकारी झुबातोव्ह याने विसाव्या शतकाच्या आरंभी पोलिसांच्याच देखरेखीखाली कामगारांच्या संघटना काढल्या होत्या. सेंट पीटर्सबर्गमधली फादर गापोन यांची संघटना त्याच परंपरेतली, सरकारमान्य. 1905 च्या जानेवारीत पुतिलोव्ह कारखान्यात काही कामगारांना काढल्यावरून संप झाला, तेव्हा लोकांनी वापरली ती हीच संघटना. 9 जानेवारीच्या रविवारी लाखभर माणसे बायकामुलांसह, देवाच्या तसबिरी आणि झारचे फोटो हातात घेऊन, अर्ज द्यायला राजवाड्याकडे निघाली. अर्जात न्याय मागितला होता, आसरा मागितला होता. झार शहरात नव्हता, सैनिक होते. सरकारी आकड्यानेही मृतांची संख्या शंभरावर गेली. पोलिसांनी संघटना बांधून दिली, फौजेने तिच्यावर गोळ्या झाडल्या. सगळ्या क्रांतिकारी पक्षांना मिळून तीस वर्षांत जे साधले नव्हते ते सरकारने एका दुपारी करून दाखवले.

त्या वर्षी खेड्यांत काय झाले? पुस्तकांत सहसा जळलेल्या वाड्यांचे आकडे असतात, आणि वाडे जळले हे खरेच. 1905 ते 1907 दरम्यान 3,000 च्या आसपास. पण मला मॉस्को प्रांतातले मार्कोवो हे गाव जास्त बोलके वाटते. ऑक्टोबरअखेर तिथल्या गावसभेने ठराव केला: लोकांच्या मागण्या मान्य होईपर्यंत कर द्यायचा नाही, फौजेला माणसे द्यायची नाहीत, सरकारी अधिकाऱ्यांचे हुकूम मानायचे नाहीत. गावचा पाटील बुर्शिन हाच अध्यक्ष. 'मार्कोवो प्रजासत्ताक' म्हणून नाव झालेला हा कारभार पुढच्या जुलैपर्यंत टिकला. ना लुटालूट, ना रक्तपात. सरकारनेच घालून दिलेल्या गावसभेच्या चौकटीत, सह्या-अंगठ्यांनिशी केलेले बंड. अशा ठरावांच्या आणि अर्जांच्या थप्प्या 1906 मध्ये पहिल्या ड्यूमाकडे, म्हणजे नव्या कायदेमंडळाकडे, येऊन पडल्या. भाषा गावोगाव तीच: जमीन देवाची, ती कोणाच्या मालकीची नाही, जो स्वतःच्या हाताने कसतो त्याला मिळावी. हे कोणा जर्मन तत्त्वज्ञाकडून शिकलेले नव्हते. फेरवाटणीच्या बैठकीत दर काही वर्षांनी त्यांनी ते प्रत्यक्ष केले होते. आता फक्त सरदाराची जमीनही त्याच बैठकीत घ्या, एवढेच म्हणणे होते. ड्यूमाने जमिनीचा प्रश्न हातात घेतला आणि झारने अडीच महिन्यांत ती बरखास्त केली. दुसरी ड्यूमा साडेतीन महिने टिकली. मग 3 जून 1907 रोजी मतदानाचा कायदाच असा बदलला की मुजिकांचे प्रतिनिधी नावापुरते उरले. 1895 मध्ये गादीवर नव्याने बसलेल्या निकोलसने कारभारात सहभाग मागणाऱ्या मवाळ प्रतिनिधींना 'ही निरर्थक स्वप्ने सोडा' म्हणून सुनावले होते. बारा वर्षांनी तो तिथेच होता.

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा. ते म्हणतात, 1913 चा रशिया बुडता देश नव्हता, वर येणारा होता. हे मी पूर्ण मान्य करतो. 1890 च्या दशकात उद्योग सालाना आठ टक्क्यांच्या गतीने वाढले. फौजेत भरती होणाऱ्या तरुणांत 1874 मध्ये पाचातला एक साक्षर होता, 1913 मध्ये तिघांतले दोघे. हप्ते 1907 पासून माफ झाले. एवढेच काय, सरदारांकडची जमीन 1861 नंतरच्या अर्धशतकात जवळजवळ निम्म्यावर आली होती. ती विकत घेणारे बरेचसे मुजिकच होते. उरलेली सगळी जमीन फुकट वाटली असती तरी दर माणशी फार काही वाट्याला आले नसते, हे त्या काळचे अर्थतज्ज्ञही सांगत होते. शिवाय पंतप्रधान स्तोलिपिन याने 1906 च्या नोव्हेंबरपासून मीर मोडून खासगी मालकीचा कष्टाळू शेतकरी उभा करायचे काम काढले होते. शांततेची वीस वर्षे द्या, रशिया ओळखू येणार नाही, असे तो म्हणे. महायुद्ध आले नसते तर?

पण स्तोलिपिनचा हिशेबही नीट तपासू. 1916 पर्यंत 20 लाखांहून अधिक कुटुंबांनी गावकीतून जमीन सोडवून घेतली. मात्र अर्जांचा भर 1908-09 मध्ये होता, नंतर तो ओसरला. युद्धाच्या कितीतरी आधी. बाहेर पडणाऱ्यांत पुष्कळजण जमीन विकून कायमचे शहराकडे जाणारे होते. आणि मागे राहिलेले गाव त्यांच्याकडे फुटीर म्हणून बघत होते. स्वतः स्तोलिपिनची गोष्ट काय झाली? क्रांतिकारकांना त्याने लष्करी झटपट न्यायालयांतून फासावर लटकवले, तरी दरबार त्याच्यावर नाराज, कारण तो सरदारांच्या स्थानिक सत्तेला हात लावू पाहत होता. 1911 मध्ये किएवच्या नाट्यगृहात त्याला गोळी घालणारा बोग्रोव्ह हा गुप्त पोलिसांचाच खबऱ्या राहिलेला होता. सुधारणेचा शेवटचा खंदा माणूस गेला आणि दरबाराने सुटकेचा निःश्वास टाकला. वीस वर्षांची शांतता द्यायची कोणी होती? देणाऱ्यांनाच ती नको होती.

जमिनीच्या गणिताबद्दल एवढेच म्हणतो की गणित बरोबर आहे आणि गैरलागू आहे. तंटा एकरांचा असता तर तो बाजारात मिटला असता. मुजिकाच्या दृष्टीने 1861 चा व्यवहारच चोरीचा होता. चोराने निम्मा माल विकून टाकला म्हणून उरलेला त्याचा होत नाही. त्यातही ज्या कुरणातून आपली गुरे गेली म्हणून दंड भरायचा, ते कुरण आपल्या आजाचे होते ही आठवण घराघरात होती. साक्षरता वाढली तशी ही आठवण पुसली नाही. उलट वर्तमानपत्र वाचणारा मुलगा ती नेमक्या शब्दांत मांडू लागला. प्रगतीने असंतोष शमतो, हे आपण गृहीत धरतो ते कशाच्या आधारावर?

कारखान्यातल्या कामगारालाही गावापासून वेगळे काढता येत नाही. 1913 च्या सुमारास मोठ्या उद्योगांतले कामगार तीस लाखांच्या आत-बाहेर, म्हणजे समुद्रात थेंब. पण त्यातले बहुसंख्य कागदोपत्री शेतकरीच होते. एका गावचे लोक एका खोलीत राहायचे, एकमेकांना कामाला लावायचे, कापणीला गावी जायचे. गिरणगावातल्या गाळ्यांची आठवण ज्यांना आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. (1908 मध्ये टिळकांच्या शिक्षेविरुद्ध मुंबईच्या गिरणी कामगारांनी केलेल्या संपाची दखल लेनिनने त्याच वर्षी आवर्जून घेतली होती.) म्हणून सायबेरियात लेना नदीच्या सोन्याच्या खाणींत 1912 मध्ये संप झाला तेव्हा मागण्यांच्या यादीत चांगले अन्न आणि कमी तास यांच्यासोबत एक मागणी अशीही होती की साहेबाने आम्हाला अरेतुरे करू नये. फौजेने गोळीबार केला, शेकडो बळी पडले. 'असेच झाले आहे आणि असेच होईल', असे गृहमंत्री मकारोव्ह ड्यूमात म्हणाला. त्यानंतर संपांची लाट चढतच गेली. 1914 च्या जुलैत फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष राजधानीत मेजवानी झोडत होते तेव्हा व्हीबोर्ग वस्तीत रस्ते अडवून कामगार पोलिसांशी लढत होते. युद्ध अजून सुरू व्हायचे होते.

युद्ध नसते तर 1917 मध्ये 1917 झाले नसते, एवढे मी मानतो. दीड कोटी माणसे गणवेशात घातली, 1915 मध्ये पोलंड गमावला, रेल्वे कोलमडली. भरीस भर म्हणून लढाईच्या तोंडावर दारूबंदी केली आणि उत्पन्नाचा चौथा हिस्सा सरकारने आपल्याच हाताने सोडून दिला. पण त्याच 1917 च्या वसंतात फ्रान्सच्या जवळपास निम्म्या डिव्हिजनांत सैनिकांनी पुढे जायला नकार दिला होता. फ्रान्सचे प्रजासत्ताक कोसळले नाही. सेनापती बदलला, रजा आणि जेवण सुधारले, काही डझन जणांना गोळ्या घातल्या, आणि पुढे पंतप्रधानही बदलला. रशियात काय बदलता आले असते? 1915 च्या उन्हाळ्यात ड्यूमातल्या मवाळांपासून उजव्यांपर्यंत बहुमताने एकच मागणी केली: लोकांचा विश्वास असलेले मंत्रिमंडळ द्या. झारने ड्यूमाचे अधिवेशन गुंडाळले आणि स्वतः सरसेनापती होऊन आघाडीवर गेला. त्या दिवसापासून प्रत्येक पराभवाला एकच पत्ता मिळाला. युद्धाने इमारतीला धक्का दिला, कबूल. पण एकाच खांबावर ती उभी ठेवण्याचा हट्ट युद्धाचा नव्हता.

आणि कटाचे काय? फेब्रुवारी 1917 मध्ये पेट्रोग्राडमध्ये, म्हणजे युद्धात नाव बदललेल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये, पावासाठी रांगा होत्या. देशात धान्य होते, शहरात पोचत नव्हते. 23 तारखेला (जुन्या रशियन दिनदर्शिकेने; आजच्या हिशेबाने 8 मार्चला), महिला दिनी, व्हीबोर्गच्या कापड गिरण्यांतल्या बायका कामावरून उठल्या आणि शेजारच्या धातुकारखान्यांच्या खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारत पुरुषांना बाहेर बोलावू लागल्या. स्थानिक बोल्शेविकांनी त्यांना संप करू नका असेच सांगितले होते. लेनिन त्या वेळी झुरिकमध्ये, ट्रॉट्स्की न्यूयॉर्कमध्ये, स्टालिन सायबेरियात. जानेवारीतच झुरिकच्या एका व्याख्यानात लेनिन म्हणाला होता की आमच्या पिढीला कदाचित ही क्रांती बघायला मिळणार नाही. चार दिवसांनी, 27 ला, व्होलिन्स्की पलटण उलटली आणि झारशाही संपली. ते सैनिक कोण? गणवेशातले मुजिक, आदल्या दिवशी जमावावर गोळ्या झाडायला लावलेले. त्यांनी पेट्रोग्राडच्या सोव्हिएतकडून, म्हणजे कामगार-सैनिकांनी निवडलेल्या मंडळाकडून, जो पहिला हुकूम काढून घेतला त्यात पलटणींच्या समित्या निवडण्याबरोबरच, अधिकाऱ्याने सैनिकाला एकेरी हाक मारायची नाही, हे कलम होते. लेनाच्या खाणीतलीच मागणी, पाच वर्षांनी, बंदूक हातात आल्यावर.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात (आजच्या दिनदर्शिकेने नोव्हेंबरात) बोल्शेविकांनी सत्ता घेतली तो कट होता, यात मला वाद घालायचा नाही. सशस्त्र सत्ता घेण्याचा बेत आखला गेला आणि पार पडला. जर्मनीने लेनिनला वाट दिली आणि पैसाही ओतला. पण पैशाने सरकार पाडता येते, लाखभर गावसभा विकत घेता येत नाहीत. 1917 च्या उन्हाळ्यात, बोल्शेविकांचे नावही माहीत नसलेल्या गावांत, सभा बसत होत्या, सरदाराची अवजारे आणि गुरे यादी करून वाटली जात होती, स्तोलिपिनच्या वेळी फुटून गेलेल्यांना पुन्हा गावकीत ओढले जात होते, आणि कित्येक ठिकाणी सरदारालाही इतरांइतकाच एक वाटा देऊ केला जात होता, बशर्ते त्याने तो स्वतः कसावा. लेनिनचा जमिनीचा हुकूमनामा सत्ता घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी निघाला, त्याचा मुख्य मजकूर बोल्शेविकांचा नव्हताच. 242 गावोगावच्या मागणीपत्रांवरून समाजवादी क्रांतिकारी पक्षाने तयार केलेला तो मसुदा होता. दुसऱ्याचा मसुदा चोरला म्हणून ओरड झाली, तेव्हा असेना का, जनतेने ठरवले ते आम्ही नाकारू शकत नाही, असे लेनिनने सांगून टाकले. कटाला यश आले ते या घोड्यावर मांड ठोकल्यामुळे. घोडा त्याने जन्माला घातला नव्हता.

दुसऱ्या पक्षालाही काही गोष्टींचे उत्तर द्यायचे आहे. नोव्हेंबरात संविधानसभेची निवडणूक झाली. बोल्शेविकांना चौथा हिस्सा मते, तीही मुख्यतः मोठी शहरे आणि राजधानीजवळच्या आघाड्यांवरून. शेतकऱ्यांचा समाजवादी क्रांतिकारी पक्ष चाळीस टक्क्यांच्या आसपास. 5 जानेवारी 1918 ला सभा भरली आणि रात्र उलटताच बंद पाडली गेली. कामगारवर्गाच्या अटळ विजयाचे हे कसले लक्षण? आणि मलाही एक अडचणीचा प्रश्न आहेच: आपल्याच पक्षाचे बहुमत मोडीत निघाले तेव्हा खेडी का उठली नाहीत? कारण त्यांच्या लेखी निकाल गावसभेत लागून गेला होता. राजधानीतल्या सभेला त्यांनी मत दिले, पण तिच्यासाठी मरावे असे काही पन्नास वर्षांत त्या राजधानीने त्यांना दिले नव्हते. ज्यांना नागरिक म्हणून कधी वागवलेच नाही, त्यांनी संसदेचे रक्षण करावे ही अपेक्षा कोणी करावी?

ते गुलाम होते म्हणून गप्प बसले, असे म्हणणाऱ्यांनी पुढची पाने उलटावीत. धान्याची सक्तीची वसुली आली तेव्हा 1920-21 मध्ये तांबोव प्रांतातल्या शेतकऱ्यांनी बोल्शेविकांविरुद्ध असे युद्ध मांडले की ते मोडायला लाल फौजेचा सेनापती तुखाचेव्हस्की याला विषारी वायू वापरायचा हुकूम द्यावा लागला. सामूहिक शेतीच्या सक्तीविरुद्ध 1930 या एका वर्षात गुप्त पोलिसांनीच 13,000 हून अधिक शेतकरी दंगे नोंदवले. ते हरले. निकोलसला जे कधी उमगले नाही ते स्टालिनला पक्के उमगले होते: गावसभा शिल्लक ठेवून मुजिकाला बांधता येत नाही. म्हणून त्याच 1930 च्या जुलैत सामूहिक शेती आलेल्या भागांत जुनी गावकी कायद्यानेच मोडीत काढण्यात आली. दोन वर्षांनी, 1932 च्या डिसेंबरात, झारच्या काळातले अंतर्गत पासपोर्ट परत आले. ते शहरातल्यांना मिळाले, सामूहिक शेतावरच्या शेतकऱ्याला नाही. त्यालाही ते सरसकट देण्याचा निर्णय व्हायला 1974 साल उजाडले.